हा दगडू नाही

"हा दगडू नाही," इंदुताई म्हणाल्या.

मी कासव हातात धरून खिडकीच्या उजेडात बघत होते. डोळे उघडे, स्वच्छ. नाक कोरडं. हाताला चांगलं जड लागत होतं, आणि मागचा पाय धरून हलकेच ओढला तर त्यानं तो जोर लावून आत खेचून घेतला. आजारी कासवाच्या अंगात एवढी ताकद नसते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

"दगडूच आहे, ताई," मी हसून म्हटलं. "बरा झालाय, म्हणून वेगळा दिसतोय."

"बरं झालेलं मला कळतं," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर शाळेच्या होस्टेलवर मेट्रन होते. सकाळी पोरं रांगेत उभी राहिली की दुपारी कुणाला ताप चढणार ते तोंड बघून सांगायचे. हा बरा झालेला नाही. हा दुसरा आहे."

आवाजात जराही चढउतार नव्हता. आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. काचा लावलेल्या व्हरांड्यात त्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, पायांवर शाल. डावा हात मांडीवर होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. बाहेर धुकं काचांना चिकटून उभं होतं. मांडीवरच्या शालीत एक फोटोची चौकट होती आणि तिच्या कडेवरून त्यांचा उजवा अंगठा सारखा फिरत होता.

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि आवाज जरा खाली आणला.

"आणि आत चहा करतायत ना, ते आमचे हे नाहीत."

आत कपबशांचा आवाज थांबला.

ही पाचगणीतली गोष्ट, वीसेक वर्षांपूर्वीची. मी तिथे नुकताच दवाखाना थाटला होता. माझे पेशंट म्हणजे बंगल्यांतले कुत्रे, टेबललँडवरचे घोडे आणि आसपासच्या गावांतल्या म्हशी. कासवाबद्दल कॉलेजात शिकले होते तेवढंच. भाद्रपद होता, पाऊस संपता संपत नव्हता. अशाच एका ओल्या सकाळी अच्युतराव टिपणीस बुटांच्या खोक्यात दगडूला घेऊन आले होते.

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, उंच, शर्टाला कडक इस्त्री. फक्त एका गालावर दाढीचे खुंट तसेच राहिले होते. त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं ही जोडी आणून दिली होती, दगडू आणि धोंडू. पाठीवर चांदण्या असलेली आपल्याकडची कासवं पाळायला कायद्यानं बंदी आहे. ही आफ्रिकेकडची होती, कवचावर बिबट्यासारखे काळे ठिपके. आजारी बायकोला दिवसभर बघत बसायला काहीतरी असावं, हा भाच्याचा हेतू.

मी खोक्याचं झाकण काढलं. दगडूचे डोळे सुजून मिटले होते. नाकपुडीवर एक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, परत फुगत होता. मान लांब करून, तोंड उघडून तो श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर एक बारीक शिट्टी वाजत होती, लांबून कुणीतरी कुणाला तरी बोलवावं तशी. उचलला तर रिकाम्या करवंटीसारखा हलका. उजव्या मागच्या पायाचं एक नख नव्हतं, पण ती जखम जुनी, भरलेली होती.

"खायला काय देता?"

"काकडी. आणि दूधभात."

"ठेवता कुठे?"

"व्हरांड्यात. फरशीवर फिरतात."

ओली थंड फरशी आणि दूधभात. मी त्यांना खाली बसवून सगळं सांगितलं. दूधभात बंद. जास्वंदीची पानं, शेवग्याचा पाला, हरळी द्यायची. मोठ्या खोक्यात एका कोपऱ्याला दिवा लावायचा, म्हणजे ऊब हवी तेव्हा ते दिव्याखाली येईल आणि नको तेव्हा लांब जाईल. रोज कोमट पाण्यात थोडा वेळ बसवायचं. आणि मुख्य म्हणजे दोघांना ताबडतोब वेगळं करायचं.

"नवीन आणलेलं कासव महिना-दीड महिना एकटंच ठेवायचं असतं," मी म्हटलं. "कासव दुखणं लपवतं. वरून धडधाकट दिसतं आणि आतून संपत आलेलं असतं. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

मी इंजेक्शन दिलं. ते झाकण लावताना म्हणाले, "वाचेल?"

"खरं सांगू का? अवघड आहे."

"हा गेला तर मी हिला काय सांगू?" ते म्हणाले. हे मला उद्देशून नव्हतं.

आणि आठवड्याभरानं त्यांचा निरोप आला, की दगडू बरा आहे, एकदा घरी येऊन बघून जा. म्हणून मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते.

अच्युतराव चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. इंदुताईंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावर. डावी पापणी अर्धवट खाली होती आणि त्या बाजूला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी कप इंदुताईंच्या उजव्या हातात नीट धरवला.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. हॉटेलातल्या माणसाला म्हणावं तसं.

मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात इंदुताईंना झटका आला. हात गेला, बोलणं शाबूत राहिलं. इस्पितळातून घरी आणलं त्या संध्याकाळी त्यांनी अच्युतरावांकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, आपण कोण? तेव्हापासून हे असंच. रागावत नाहीत, ओरडत नाहीत. परक्या माणसाशी वागावं तितक्या सभ्यपणे वागतात. झोपायच्या खोलीला आतून कडी लावतात. अच्युतराव हॉलमध्ये झोपतात.

"डॉक्टर म्हणतात, मेंदूचं आहे. माणूस ओळखू येतो, पण आपला वाटत नाही. वेळ लागेल म्हणतात." ते डावा दंड उजव्या हातानं दाबत उभे होते. "बाकी सगळ्यांना ओळखते हो ती. दूधवाल्याला ओळखते."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी धोंडू आजारी पडला.

मी गेले तेव्हा घरात शिरताच ती शिट्टी ऐकू आली. तेव्हा दुपार होती, तरी दिवा लावावा लागेल एवढा अंधार. दारं उघडी होती आणि धुकं हॉलमधून तरंगत व्हरांड्यात जात होतं. अच्युतराव औषधं आणायला बाजारात गेले होते. इंदुताई खुर्चीत होत्या. पायाशी दोन्ही कासवं एकाच खोक्यात होती.

"वेगळी ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"त्यांना सांगितलं होतंत. त्यांनी नाही ठेवली."

धोंडूचे डोळे जड झाले होते, नाकाला पाणी. पण तो अजून भरीव होता, वेळेत सापडला होता. मी त्याला इंजेक्शन दिलं आणि मग, लागण झालीय का बघावं म्हणून, दगडूला उचललं. डोळे, नाक, तोंड. पाय एकेक करून बघितले. उजवा मागचा पाय बघितला आणि पुन्हा बघितला.

सगळी नखं होती. सगळी जागच्या जागी, लांब, जुनी. नख परत येतं कधीकधी, पण पंधरवड्यात नाही.

मी वर बघितलं तर इंदुताई माझ्याकडेच बघत होत्या.

"कळलं ना?" त्या म्हणाल्या.

ज्या बाईचं बोलणं मी वेड म्हणून सोडून दिलं होतं तिचं अक्षरन् अक्षर खरं होतं. आणि तिनं मला त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या.

"मी इस्पितळातून घरी आल्यावर तो आला," त्या सावकाश सांगायला लागल्या. "यांचे कपडे घालतो. यांच्यासारखंच खोकतो. मला आमटीत गूळ किती लागतो ते त्याला माहीत आहे, मी कुठल्या कुशीवर झोपते ते माहीत आहे. सगळं शिकून आलाय. पण चेहरा..." त्यांनी फोटो उचलून माझ्यापुढे धरला. लग्नातला होता, पिवळा पडलेला. "चेहरा बसवलाय. डाव्या बाजूला नीट बसलेला नाही. तुम्ही जवळून बघा म्हणजे कळेल."

"ताई..."

"मी भीत नाही त्याला. वाईट वागत नाही तो. पण आमचे हे कुठे आहेत, ते मला कुणी सांगत नाही."

मी हात धुवायला आत गेले. बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टांगलेला होता, वरच्या दोन्ही कोपऱ्यांना चिमटे लावून पक्का केलेला. मी तिथेच साबण हातात धरून उभी राहिले. बाहेर फाटक वाजलं, पायरीवर चपला झटकल्याचा आवाज आला. या घरात कोण राहतं, हा प्रश्न मला त्या क्षणी खरोखर पडला होता.

अच्युतराव व्हरांड्यात न येता मागच्या बाजूला गेले. मी मागच्या दारानं बाहेर पडले. ते जास्वंदीची पानं तोडत होते, फक्त उजव्या हातानं. झुडपाच्या मुळाशी ओली माती उकरलेली होती आणि तिच्यावर एक चपटा दगड ठेवला होता.

"दगडू इथे आहे का?" मी विचारलं.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पानं गोळा करणं थांबलं.

"तुमच्याकडून आणल्यावर दोन दिवसांनी गेला," ते म्हणाले. "पहाटे उठून बघितलं तर शिट्टी बंद. ती उठायच्या आत मी त्याला इथे आणलं. तिला सांगितलं, डॉक्टरांकडे ठेवलाय. आणि एसटीनं पुण्याला गेलो, त्याच दुकानात. तसाच दिसणारा शोधून आणला. ठिपकेसुद्धा जुळवून बघितले हो मी."

"आणि वेगळा ठेवला नाहीत."

"वेगळा ठेवला असता तर नवीन आहे हे कळलं नसतं का?" ते थांबले. "कळायचं ते कळलंच. मी खोक्यातून काढून त्याला तिच्या पायाशी ठेवला. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, हा दगडू नाही."

ते बाजूच्या कट्ट्यावर बसले.

"तोवर मी स्वतःची समजूत घालत होतो. तिचा मेंदू दुखावलाय, तिला दिसतं एक आणि वाटतं भलतंच. पण डॉक्टर, त्या कासवाच्या बाबतीत तिची नजर चुकली नाही. मी अर्धा तास उजेडात धरूनही मला जो फरक दिसत नव्हता तो तिला एका नजरेत दिसला. मग माझ्याबद्दल जे म्हणते ते...?" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आरशात बघणं मी आधीच टाळत होतो, त्या रात्री त्याच्यावर टॉवेलच टाकला. दाढी अंदाजानं करतो. तुम्ही हसाल."

मला हसू आलं नाही.

"मी त्यांना खरं सांगणार आहे," मी म्हटलं.

"नको."

"घरात त्यांच्यावर कुणाचाच विश्वास नाही. निदान एका गोष्टीत त्यांचं बरोबर आहे हे कुणीतरी सांगायला हवं."

ते उठले आणि माझ्यामागे आत आले.

मी इंदुताईंसमोर जमिनीवर बसले. "ताई, तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं. "हा दगडू नाही. दगडू वारला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दुसरा आणला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी भरून आलं. दगडूसाठी असेल, पण मला वाटतं त्याहून जास्त त्या शब्दांसाठी. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मागे दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं.

"आता याला तपासा."

"ताई, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"दगडूला तपासलंत तसंच तपासा. माझ्यासमोर. मग मला सांगा."

मी अच्युतरावांकडे बघितलं. ते निमूटपणे पुढे आले आणि कासवांच्या खोक्याजवळच्या स्टुलावर बसले. दिव्याची ऊब त्यांच्या तोंडावर येत होती. मी काय करावं या विचारात होते. नाडी बघावी, जीभ बघावी आणि इंदुताईंना म्हणावं, हेच ते, हेच तुमचे यजमान. तेवढंच करायचं होतं. म्हणून मी वाकून त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

उजव्या डोळ्यातली बाहुली त्या अंधुक उजेडात मोठी, काळीभोर झाली होती. डावी टाचणीच्या डोक्याएवढी होती.

मी पिशवीतला टॉर्च काढला. उजेड टाकला, दोन्ही बाहुल्या लहान झाल्या. टॉर्च विझवला. उजवी हळूहळू उघडली. डावी तशीच राहिली. तिच्यावर ती अर्धी मिटलेली पापणी.

आणि मग मला त्यांचं कपाळ दिसलं. दिव्याच्या उष्णतेनं घाम आला होता. उजव्या बाजूला थेंब जमले होते, नाकाच्या रेषेपर्यंत. तिथे घाम थांबला होता, पट्टी ठेवून आखल्यासारखा. डावी बाजू कोरडी ठणठणीत.

"बघितलंत?" मागून इंदुताईंचा आवाज आला. "डावी बाजू."

मानेला मार लागलेल्या एका कुत्र्यात मी हे बघितलं होतं. डोळ्याच्या बाहुलीला आणि पापणीला सांभाळणारी एक नस असते. ती मेंदूतून सरळ डोळ्याकडे येत नाही, मानेतून खाली छातीच्या तोंडापर्यंत उतरते आणि तिथून वळून वर येते. त्या वाटेवर कुठेही कशाचा दाब आला की चेहऱ्याची एक बाजू अशी होते. या माणसाच्या मानेला काही लागलेलं दिसत नव्हतं.

"खांदा दुखतो का तुमचा?"

"हिला उचलावं लागतं ना. त्यानं भरून येतो."

"बोटांना मुंग्या?"

"करंगळीला. रात्री जास्त."

"कधीपासून?"

त्यांनी आठवून बघितलं. "उन्हाळ्यापासून. हिला घरी आणलं त्याच्या आसपास."

मी उठून उभी राहिले. त्या घरात मी नुकतीच खरं बोलायची सुरुवात केली होती, आता मागे फिरता येत नव्हतं.

"ताई, हे टिपणीसच आहेत," मी म्हटलं. "पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. यांचा चेहरा बदललाय. डाव्या बाजूनं बदललाय. छातीत काहीतरी आहे असं मला वाटतं. हे आजारी आहेत."

व्हरांड्यात फक्त धोंडूची शिट्टी ऐकू येत होती. अच्युतरावांचा हात आपोआप गालाकडे गेला, जिथे खुंट राहिले होते तिकडे.

इंदुताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ती नजर मी त्याआधी बघितली नव्हती. रांगेतल्या पोरांकडे त्या अशाच बघत असणार.

"आजारी आहात तर तसं सांगायचं," त्या म्हणाल्या. "कोणी का असेना तुम्ही. उद्या पहिल्या गाडीनं साताऱ्याला जायचं आणि छातीचा फोटो काढून घ्यायचा. गरम कपडे घाला. उपाशी जाऊ नका."

"बरं," अच्युतराव म्हणाले.

डाव्या फुप्फुसाच्या अगदी टोकाशी गाठ निघाली. साताऱ्याहून पुण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अशी गाठ खोकला सुरू झाल्यावरच बहुतेकांना कळते आणि तेव्हा फारसं काही हातात उरत नाही. अच्युतराव त्यानंतर तीन वर्षं जगले. त्यांतली दोन चांगली गेली.

त्या वेळी मात्र ते पुण्याला भाच्याकडे राहिले. इंदुताईंजवळ त्यांची धाकटी बहीण शकुताई नगरहून आली. कासवं मी दवाखान्यात आणली, दोघांना दोन टोकांच्या दोन खोक्यांत ठेवलं. धोंडूनं बरेच दिवस तोंडात काही घेतलं नाही. मी रोज त्याला कोमट पाण्यात बसवायची, दिव्याखाली ठेवायची, वजन करायची. एका सकाळी त्यानं जास्वंदीच्या पानाचा कोपरा तोडला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळत बसला. दुसऱ्याला काही झालं नाही. त्याला नाव काय द्यायचं म्हणून मी इंदुताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा, मी त्याला अजून ओळखत नाही."

मी मधूनमधून जायची. त्या अच्युतरावांची चौकशी करायच्या, पण "तो आजारी माणूस कसा आहे?" असं विचारायच्या. फोनवर बोलायला नको म्हणायच्या. शकुताई माझ्याकडे बघून मान हलवायच्या.

पौषात ऊन पडलं. कासवं धडधाकट होती, म्हणून मी ती परत द्यायला गेले. व्हरांड्याच्या काचा उघडल्या होत्या, सगळीकडे लख्ख प्रकाश होता. दोघांना मी अंगणातल्या हिरवळीवर सोडलं. शकुताई पायरीवर वाटाणे सोलत होत्या. इंदुताई खुर्चीत होत्या, धोंडूकडे बघत.

फाटकापाशी टॅक्सी थांबली. एक माणूस उतरला. कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, भुवया नाहीत, गालांची हाडं वर आलेली, अंगातला कोट दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका ढगळ. मला वाटलं, पुण्याहून कुणीतरी वाईट निरोप घेऊन आलंय. शकुताई उठून दोन पावलं पुढे गेल्या. त्यांनी उन्हाला हात आडवा धरून बघितलं.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी विचारलं.

त्या माणसानं फाटकाची कडी धरली.

"शकू, अगं असं काय विचारतेस?" इंदुताई मागून म्हणाल्या. "हे आलेत."

मी वळून बघितलं. त्यांनी उजव्या हातानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि त्या उठायचा प्रयत्न करत होत्या.

"उन्हात काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "आत या. किती वाळलात हो."

अच्युतराव फाटकाची कडी धरून तसेच उभे राहिले. त्यांना आत यायला बराच वेळ लागला.